मागून येणारा आवाज

आमच्या घरात अडखळण्याचं खातं माझ्याकडे आहे आणि बोलण्याचं हिच्याकडे. ही वाटणी लग्नापासूनची, आणि तिच्याविरुद्ध दोघांपैकी कोणी कधी तक्रार केलेली नाही. त्यामुळे त्या दुपारी आतल्या खोलीतून कुणीतरी अडखळल्याचं ऐकू आलं तेव्हा आधी मला वाटलं, मीच काहीतरी बोललो. हातात काच होती. तिच्यावर हत्याराची रेघ ओढून झाली होती आणि टेबलाच्या कडेवर धरून ती मोडायची तेवढी राहिली होती. मी ती तशीच खाली ठेवली. आत पुन्हा तेच. "त्याने दा... दार..." मग शांतता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पहिल्यापासून सुरुवात, आणि दाराशी आल्यावर पुन्हा गाडी अडलेली. आवाज हिचाच होता. मला दरदरून घाम फुटला. वयाच्या या टप्प्यावर माणसाचं बोलणं एकाएकी अडखळायला लागलं तर त्याचा अर्थ काय होतो हे मला आजूबाजूच्या दोन-तीन घरांवरून माहीत होतं. मी आत धावलो, तर ही कानांवर हेडफोन लावून चांगली ठणठणीत बसली होती आणि टेबलावरच्या एका लहानशा पेटीकडे रागाने बघत होती. "बघताय काय असे?" हेडफोन काढून ती म्हणाली, आणि ते वाक्य सुतासारखं सरळ आलं. "मला काही झालेलं नाही. या पेटीला झालंय."

ही म्हणजे माझी बायको. ती पुस्तकं वाचते, म्हणजे मोठ्याने वाचते, आणि तिचं वाचन एक कंपनी लोकांना ऐकायला देते. कुठे कुठे कोण कोण भांडी घासताना, गाडी चालवताना, झोप येत नाही म्हणून छताकडे बघत हिचा आवाज ऐकत असतं. हिच्या बोलण्यात शिवण कुठे दिसत नाही. मी फ्रेमा करतो. घराची पुढची खोली हे दुकान. लोक फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं घेऊन येतात, मी नमुन्याच्या चौकटींचे कोपरे एकेक करून त्यांच्या कडेला लावून दाखवतो आणि गिऱ्हाईक मान हलवतं किंवा हलवत नाही. या धंद्यात फारसं बोलावं लागत नाही हे मी तरुणपणीच हेरलं होतं. आतल्या खोलीच्या भिंतींवरही माझ्याच चौकटी आहेत, पण त्यांत चित्रं नाहीत. जुनी ब्लँकेटं भरून वर कापड ताणलंय, म्हणजे हिचा आवाज घुमत नाही. पाहुणे त्या चौकटींसमोर उभे राहतात आणि काय बोलावं ते त्यांना सुचत नाही, तेव्हा मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते. मित्र मला मौनीबाबा म्हणतात. हे काही खरं नाही. आत मी भरपूर बोलतो. वाद घालतो, टोमणे मारतो, गिऱ्हाइकांच्या चित्रांवर मतं देतो, आणि ती सगळी ऐकवण्यासारखी असतात असं माझं मत आहे. फक्त बाहेर पडताना दाराशी गर्दी होते.

लहानपणी वडील माझ्या शब्दाची वाट बघायचे. फार प्रेमाने बघायचे, पण बघताना त्यांचा जबडा आवळला जायचा, आणि तो आवळलेला जबडा पाहून माझा शब्द आणखी खोल जायचा. आई वाट बघायची नाही, ती विषय बदलायची. ही पहिल्यांदा दुकानात आली ती तिच्या आजोबांचा फोटो घेऊन. काच साधी हवी की न चमकणारी, एवढंच मला विचारायचं होतं. मी "का... का..." वर उभा होतो, तर तिने फोटोवरून नजरही न उचलता म्हटलं, "काच ना? साधीच द्या." त्यात कीव नव्हती, घाई नव्हती. हातातली जड पिशवी एखाद्याने चालता चालता सहज घ्यावी, तसं तिने ते वाक्य माझ्याकडून घेतलं. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या फोटोला जरुरीपेक्षा भारी चौकट घातली. पुढे लग्न झालं, आणि पिशव्या तिच्या हातात जात राहिल्या. दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्यांशी, ठकीच्या शाळेत. ठकी म्हणजे आमची मुलगी. ती बोलायला लागली तेव्हा तिनेही आईचं बघून माझी वाक्यं संपवायला सुरुवात केली, आणि आम्हा दोघांना ते फार गोड वाटलं. ही नेमकं ओळखते, हे मी मान्य केलंच पाहिजे. बहुतेक वेळा मला जे म्हणायचं असतं तेच ती म्हणते, आणि माझ्यापेक्षा बरं म्हणते. कधीतरी एखाद्या वेळेला थोडं निराळं म्हणते. मग मी मनात तोलतो, की हे दुरुस्त करायला जेवढी झटापट करावी लागेल तेवढ्या किमतीचं ते आहे का. सहसा नसतं. मी मान हलवतो.

या वेळी मात्र होतं. ठकी दूरच्या शहरात राहते, आणि बरेच महिने तिचं एकच पालुपद होतं, की आता तुम्ही दोघं इकडेच या, एक खोली नुसती रिकामी पडून आहे. हिने जेवताना मला ते सांगितलं. मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, "मला ति... ति... तिकडे..." "तिकडे करमणार नाही असं वाटतंय ना?" ही म्हणाली. "सुरुवातीला वाटतंच तसं. होते सवय." मी तिच्याकडे बघत राहिलो. मी नकार देत होतो आणि तिने त्याला नुसती काळजी ठरवून टाकलं. वाक्य अर्धं बरोबर होतं, म्हणून तर पंचाईत. सरळ चुकीचं असतं तर मी मान तरी हलवली नसती. मी हलवली की नाही हे मला नीट आठवत नाही, पण ती हलल्याचं धरलं गेलं. मग शेजारचा शिंपी येऊन दुकानाची जागा डोळ्यांनी मापून गेला, आणि येत्या रविवारी ठकीचा फोन आला की पक्कं सांगायचं असं ठरलं. तेव्हापासून मी त्या एका वाक्याशी झुंजत होतो. मला तिकडे जायचं नाही. दुकान बंद करताना, दाढी करताना, आरशासमोर, लाकडाला करवत लावताना. आत ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की हातात घेतलं तर निसटावं. बाहेर मात्र ते एकदाही आलं नव्हतं, आणि ही समोर असली की पहिल्या शब्दालाच तिच्या डोळ्यांत ती ओळखीची मदत गोळा व्हायला लागायची.

तर ती पेटी. हिचा मायक्रोफोन आधी या पेटीला जोडतात, पेटी कॉम्प्युटरला, आणि हेडफोन पुन्हा पेटीला, म्हणजे वाचताना स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. जुनी पेटी गेल्या आठवड्यात निकामी झाली आणि कंपनीने ही नवी पाठवली. "आपण बोलतो आणि आपलाच आवाज जरा मागून येतो कानात," ही सांगत होती. "अगदी जरासा मागून. पण बोबडी वळते हो. कोणीतरी आपली नक्कल करत मागे मागे चालल्यासारखं होतं, मग आपण थांबतो, तर तोही थांबतो." तिने कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन लावला आणि तो माझ्यासाठीही मोठ्याने सुरू ठेवला. तंत्रज्ञ अगदी सावकाश बोलणारा माणूस निघाला. "ताई, तुमचा आवाज आधी कॉम्प्युटरात जातोय, तिथे रांगेत उभा राहतोय आणि मग परत येतोय. ती रांग छोटी करायची. सेटिंगमध्ये एक आकडा आहे, तो एकेक पायरी खाली आणा. एकदम खाली नेऊ नका, आवाज तडतडेल. कोणाला तरी माइकपुढे बसवा, हेडफोन घालून बोलत राहू द्या, आणि मागून येणारा आवाज गेला की सांगायला सांगा." फोन ठेवून हिने माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. घरात तिसरं कोणी नव्हतं.

"काहीही बोला," ही कॉम्प्युटरकडे तोंड करून म्हणाली. "तुमच्या मनात येईल ते. मी काही ऐकत नाहीये, मला नुसती ती हिरवी रेघ हललेली दिसली पाहिजे." हेडफोनच्या गाद्यांना तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. कान झाकले गेले आणि घर एकदम दूर गेलं. माझाच श्वास मला ऐकू आला, जरा उशिरा. मी मायक्रोफोनकडे पाहिलं. शाळेत एकट्याने उभं राहून वाचायची पाळी यायची, ती आठवली. म्हटलं, काच कापायचं सांगावं. त्यात माझं नेहमी अडणारं अक्षर पहिलंच आहे, म्हणजे एकदाची नाचक्की होऊन जाईल. "काच कापताना," मी म्हणालो, आणि मागून कोणीतरी म्हणालं, काच कापताना. मी दचकलो, पण बोलत राहिलो. "काच कापताना हात हलका ठेवायचा. जोर लावला की तडा भलतीकडे जातो." शब्द सावकाश येत होते, प्रत्येकाचं शेपूट जरा लांबत होतं, पण दाराशी गर्दी नव्हती. एक बाहेर पडत होता, मग त्याचा सोबती मागून येत होता, आणि तो येईपर्यंत पुढचा निघालेला असे. शाळेत सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा तेव्हा मी कधी अडलो नव्हतो. चाळीस गळ्यांमध्ये माझा गळा कुठेही थांबला नव्हता. ते मी विसरून गेलो होतो, कारण त्यानंतर मला एकट्याला उभं करायचे आणि लक्षात राहायचं ते तेवढंच. आत्ता माझ्याबरोबर म्हणणारा एकच होता, आणि तोही मीच, पण तेवढं पुरत होतं. मी काचेवरून चौकटीवर गेलो, चौकटीवरून त्या गिऱ्हाइकावर, जे स्वतःचाच फोटो दर वर्षी मोठ्या मापात करून नेतं. त्याच्या मिशीबद्दल मी एक विनोद केला. तो मी गेली काही वर्षं आत सांभाळून ठेवला होता. बाहेर तो तितकासा चांगला वाटला नाही, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला हसू येत होतं, आणि हसण्याने बोलणं थांबत नव्हतं याचंच मला नवल वाटत होतं.

ही खरंच ऐकत नव्हती. तिने आकडा एक पायरी खाली आणला. मागचा आवाज जवळ सरकला. "गेला का?" तिने विचारलं. "नाही अजून," मी म्हणालो. आणखी एक पायरी. तो इतका जवळ आला की आमच्या दोघांत फट उरली नाही, आणि मला जिभेच्या मुळाशी तो जुना स्नायू आवळल्याचं कळलं. "आता?" "ना... ना... नाही," मी म्हणालो. ही थांबली. तिचा हात माऊसवरच राहिला. पाठमोरी असली तरी तिच्या खांद्यांवरून मला दिसलं की ती मागचं आठवतेय. एवढा वेळ खोलीत जे चाललं होतं ते तिने ऐकलं नव्हतं, पण कानावर तर पडलं होतं, आणि आता ते तिच्यापर्यंत पोचत होतं. "प... परत वा... वा..." मी म्हणालो. वाढव, हे ती सहज म्हणू शकली असती. ती बोलली नाही. तिने आकडा होता तिथे वर नेऊन ठेवला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि हात मांडीवर ठेवले. मला एकदम भीती वाटली. अडखळणाऱ्या माणसाला एक सोय असते. त्याला जे म्हणायचं असतं ते त्याने म्हटलेलं नसतं, त्यामुळे त्याचे परिणाम त्याला भोगावे लागत नाहीत. इथे शब्द म्हटला की म्हटला जाणार होता. वर ते सगळं रेकॉर्डही होत असावं, हिरवी रेघ हलत होती.

"मला तिकडे जायचं नाही," मी म्हणालो. मागून मला दुजोरा आला. ह्याने मोठी हिंमत आली. "मला इथेच राहायचंय. करमणार नाही म्हणून नाही, करमेल कदाचित. पण तिथे मी कोण? ठकीचे बाबा. खिडकीत बसलेले. इथे माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याला मी हवा असतो. तो शिंपी माप घेऊन गेला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तू म्हणालीस पित्त झालं असेल. पित्त नव्हतं." हिचं तोंड सवयीने जरासं उघडलं होतं, पण पूर्ण करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ते तसंच उघडं राहिलं. "मला तुझा राग नाही," मी म्हणालो. मग वाटलं, एवढी सोय झालीच आहे तर खोटं कशाला बोलायचं. "आहे थोडा. तू फार लवकर ओळखतेस. मला कधी कधी वाक्याच्या शेवटापर्यंत गेल्यावर कळतं मला काय म्हणायचंय. तिथपर्यंत जायलाच मिळत नाही." शेवटचा शब्द मागून आला आणि मग कानात नुसती खोली उरली.

रस्त्यावरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली. मग ही उठली. "बघू," म्हणाली, "काय ऐकू येतं तुम्हाला त्यात." तिने माझ्या कानांवरचे हेडफोन काढले, स्वतःच्या कानांवर चढवले आणि मायक्रोफोनजवळ वाकली. मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. "तुम्ही म्ह... म्हणता ते..." तिने सुरुवात केली, आणि ती अडखळली. दुपारी अडखळली होती तशीच. तिने हेडफोन काढायला हात वर नेला. तो हात तिथे, केसांपाशी, थोडा वेळ राहिला आणि खाली आला. "मी... मी आ... आधी..." तिचे डोळे माझ्या डोळ्यांना धरून होते. मान थोडी पुढे आलेली, मानेवर एक शीर उठलेली. असा मी दिसतो तर, मला वाटलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं होतं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं, सोपं होतं, आणि मी ते म्हणून टाकलं असतं तर तिची सुटका झाली असती. त्यावर मी म्हणणार ते क्षमेचं वाक्यही मी मोठ्या मनाने जुळवून ठेवलं. पण तिने मघाशी माझं 'वाढव' माझ्याकडेच ठेवलं होतं. मी जबडा सैल सोडला, वडिलांना कधी जमला नव्हता तेवढा, आणि थांबलो.

"मी आधी ग... गेले," ती म्हणाली, "तर तुमचं को... कोण बोलणार?"

ती थांबली नाही. चाचरत, मागे येणाऱ्या स्वतःच्या आवाजाशी हुज्जत घालत ती सांगत राहिली. गेल्या वर्षी तिची छाती दुखली होती. काही निघालं नाही, पण त्या तपासण्यांच्या खोलीबाहेर मी बसलो होतो आणि नर्सने मला काहीतरी विचारलं होतं, आणि मी उत्तर द्यायच्या आत नर्स निघून गेली होती. हिने ते आतून, पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. मला ते आठवतही नव्हतं. माझ्या दृष्टीने असं रोजच होतं. हिने मात्र त्या दिवसापासून एकच हिशेब मांडला होता, की जिथे माझं वाक्य पूर्ण करणारं दुसरं कोणीतरी आहे तिथे मला वेळेवर नेऊन ठेवायचं. ठकीची रिकामी खोली हिला स्वतःसाठी नकोच होती. तिथे भिंतीपलीकडे रहदारी आहे, तिथे रेकॉर्डिंग होणार नव्हतं. हे काम ती सोडायला निघाली होती. आणि मी इतके दिवस आरशासमोर उभा राहून तिच्याशी भांडत होतो. मला तिचा हात धरावासा वाटला, धरला. तो थंडगार होता. हेडफोन अजून तिच्याच कानांवर होते, म्हणजे मला जे म्हणायचं होतं ते सोबतीशिवाय म्हणावं लागणार होतं.

"मी ब... ब..." गर्दी झाली. तिला शब्द दिसला, मला दिसलं की तिला दिसला. तिचे ओठ त्या शब्दासाठी जुळले आणि तसेच मिटून राहिले. मी पुन्हा पहिल्यापासून आलो. "मी बो... बो... बोलेन," म्हणालो. तिने मान हलवली आणि मग रडली, थोडी, कॉम्प्युटरकडे तोंड करून.

पेटीवर मागच्या बाजूला एक बटण होतं. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने सांगितलं, की ते दाबलं म्हणजे आवाज कॉम्प्युटरात न जाता पेटीतल्या पेटीत वळून थेट कानात येतो. आकडा वगैरे काही बघायला नको. हिने ते दाबलं, हिचं वाचन पुन्हा सरळ झालं. त्या दिवशी रेकॉर्ड झालेलं तिने पुसलं का ठेवलं हे मी विचारलं नाही. संध्याकाळी ती म्हणाली, हवं तेव्हा बटण वर करून बसत जा आत, मी चहा ठेवते. मी दोनदा बसलोही. पण ठकीचा फोन काही त्या पेटीतून येणार नव्हता.

तो रविवारी सकाळी आला. हिने फोन सुरू केला, आवाज मोठा केला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवून ती माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. "आई?" ठकी म्हणाली. "ठ... ठके, मी बो... बोलतोय," मी म्हणालो. "बाबा? तुम्ही? आई बरी आहे ना?" "ब... बरी आहे. आ... आम्ही..." मला पुढचं वाक्य स्पष्ट दिसत होतं, सगळे शब्द रांगेत होते, फक्त दार उघडत नव्हतं. आम्ही येणार नाही. एवढंच. टेबलावर चौकटीचे नमुने पडले होते, मी त्यांतला एक कोपरा हातात घट्ट धरला. "आम्ही... ये... ये..." "येताय ना!" ठकी आनंदाने म्हणाली. "बाबा, मला माहीत होतं तुम्ही हो म्हणाल. मी खोलीला रंगसुद्धा..."

"थांब गं," माझ्या डोक्यावरून वाकून ही फोनला म्हणाली. "त्यांचं बोलून व्हायचंय अजून."